न भरणारी जखम

श्रोतेहो, मी वैद्य नव्हे. माझा दिवस सरकारी कागदपत्रांत जातो. तरीही आज पायाच्या जखमेविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे, ते माझ्या थोरल्या मामांमुळे. प्राथमिक शाळेतील शिक्षक म्हणून त्यांनी ३१ वर्षे फळ्यापुढे उभे राहून काढली. सेवानिवृत्तीच्या सुमारास त्यांच्या डाव्या पायाला, घोट्याच्या किंचित वर आतल्या अंगाला, नाण्याएवढी जखम झाली. कशाने झाली हेही त्यांना नीट आठवत नव्हते. ती नऊ वर्षे भरली नाही.

त्या नऊ वर्षांत घरातल्या फडताळाचा एक खण मलमांनी भरून गेला. हळद झाली, मध झाला, कडुलिंबाचा काढा झाला, कोणा जाणत्याने दिलेली काळी पूडही झाली. मधूनमधून प्रतिजैविकांच्या गोळ्यांचे आवर्तन होई. जखम आठवडाभर कोरडी दिसे आणि पुन्हा लस वाहू लागे. दुर्गंधीच्या धास्तीने मामांनी लग्नकार्याला जाणे सोडले, पंगतीला बसणे सोडले. कोणी विचारले तर म्हणत, "हल्ली गर्दी सोसवत नाही रे." मामीला खरे कारण ठाऊक होते, मला ते कळायला फार उशीर लागला, याची खंत आजही आहे.

एवढे उपचार होऊनही जखम का भरत नव्हती? कारण ते सारे जखमेवर चालले होते आणि दुखणे होते रक्ताच्या परतीच्या वाटेवर.

हृदयाने पायाकडे पाठवलेले रक्त उलट वर चढून यायचे असते. माणूस चालू लागला की पोटरीचे स्नायू आवळतात आणि नीलांतले रक्त वर लोटतात. ते पुन्हा खाली घसरू नये म्हणून नीलांमध्ये जागोजाग इवल्याशा झडपा असतात. इटलीतील पादुआ येथे शिकवणाऱ्या फाब्रिसियसने या झडपांचे वर्णन १६०३ साली प्रसिद्ध केले. पण त्यांचे खरे प्रयोजन सांगितले ते त्याचा शिष्य विल्यम हार्वे याने, १६२८ साली. या झडपा निकामी झाल्या की वर लोटलेले रक्त पुन्हा खाली येते. (वर पाठवलेला कागद शेरा घेऊन पुन्हा आपल्याच मेजावर यावा, हा अनुभव माझ्या पेशातील मंडळींना नवा नाही.) निरोगी माणूस उभा असताना पावलाच्या नीलांतला दाब पाऱ्याच्या ८०-९० मिलिमीटरपर्यंत असतो आणि चालताना तो २०-३० पर्यंत उतरतो. झडपा बिघडलेल्या पायात तो उतरतच नाही. मग पाय सुजतो, रक्तातले लोह कातडीत झिरपून घोट्याभोवती तपकिरी डाग पडतात, खाज सुटते, कातडी जाड व ठिसूळ होते. आणि एक दिवस डासाच्या चाव्याएवढे निमित्तही पुरते. शिक्षक, वाहतूक पोलीस, न्हावी, हॉटेलातले आचारी अशा उभ्याने काम करणाऱ्यांनी हे डाग वेळीच ओळखावेत.

यावरचा मुख्य उपाय म्हणजे बाहेरून दाब देणारी पट्टी. पट्टीने फुगलेल्या नीला अरुंद होतात, साचलेले पाणी मागे हटते आणि आवळणाऱ्या पोटरीला रेटण्यासाठी भक्कम भिंत मिळते. पट्टी बांधण्याची विद्या आपल्याला परकी नाही. सुश्रुताने बंधांचे १४ प्रकार सांगितले आहेत आणि पट्टी गाढ, सम की शिथिल असावी याचाही विचार केला आहे. अलीकडच्या काळात, १९८० च्या दशकात, लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयात चार थरांच्या पट्टीची पद्धत रूढ झाली. घोट्याशी सुमारे ४० मिलिमीटर दाब यावा आणि तो गुडघ्याकडे कमी होत जावा, असा तिचा हिशेब असतो. त्यासाठी हात सैल सोडावा लागत नाही. सारख्याच ताणाने गुंडाळले तरी बारीक घोट्यावर दाब अधिक पडतो आणि रुंद पोटरीवर कमी.

हे मी प्रत्यक्ष पाहिले ते एका सरकारी रुग्णालयात. तेथील सिस्टरांनी प्रथम पट्टीला हातच लावला नाही. मामांच्या दंडावरचा आणि घोट्यावरचा रक्तदाब मोजला. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागून येणारा आकडा ०.८ च्या खाली असेल, तर पायाकडे येणारे रक्तच अपुरे असते. तेथे कचकचीत पट्टी म्हणजे पाय गमावण्याची तयारी. मधुमेह्यांत धमन्या कठीण झाल्याने हा आकडा फसवाही असतो. म्हणूनच, श्रोतेहो, माझे बोलणे ऐकून कोणीही घरच्या घरी पट्टी आवळू नये.

मामांचा आकडा ठीक निघाला. मग जखम साध्या पाण्याने धुतली, तिच्यावर न चिकटणारे साधे आवरण ठेवले आणि हाडाच्या उंचवट्यांवर कापूस लावून, पाऊल काटकोनात धरून, बोटांच्या मुळापासून गुडघ्याच्या खालपर्यंत पट्टी गुंडाळली. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा निम्मा भाग झाकीत होता. "मलम नाही लावायचे?" मामांनी काकुळतीने विचारले. "गुरुजी, औषध हीच पट्टी," सिस्टर म्हणाल्या. "आणि घरी बसून राहायचे नाही, चालायचे. बसाल तेव्हा पाय वर घेऊन. बोटे निळी पडली, बधिर झाली, तर तडक निघून या."

पट्टी आठवड्याला बदलली जाई. पहिले पंधरा दिवस मामा कुरकुरले; तिसऱ्या आठवड्यात जखमेच्या कडेला गुलाबी किनार दिसली. पाच महिन्यांत जखम मिटली.

मात्र पट्टीने झडपा दुरुस्त होत नाहीत. इंग्लंडमधील दोन मोठ्या चाचण्या येथे सांगण्याजोग्या आहेत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पट्टीच्या जोडीला वरवरच्या नीलांची शस्त्रक्रिया केली, तेव्हा जखमा अधिक लवकर भरल्या नाहीत. पण वर्षभरात जखम पुन्हा होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. २०१८ च्या दुसऱ्या चाचणीत बिघडलेली नीला आतून बंद करण्याचा उपचार आरंभीच केला, तेव्हा निम्म्या रुग्णांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. तो उपचार लांबणीवर टाकलेल्या गटाला त्यासाठी ८२ दिवस लागले. पट्टी दोन्ही गटांना होतीच.

मामांनी शस्त्रक्रियेला नकार दिला, तेव्हा दाबाचे मोजे आले. वैशाखातल्या उकाड्यात त्यांनी ते महिनाभर काढून ठेवले आणि जखम पुन्हा उघडली. पुन्हा सात आठवडे पट्टी झाली. आता सकाळी पलंगावरून पाय खाली सोडण्यापूर्वीच ते मोजा चढवतात. हाताला पकड यावी म्हणून मामीचे भांडी घासायचे रबरी हातमोजे घालतात आणि त्यावरून रोज थोडी बोलणी खातात. मोज्याचा ताण सहा महिन्यांत उतरतो. नवा जोड आणायची तारीख त्यांनी दिनदर्शिकेवर लाल शाईने खुणावून ठेवली आहे.