भिंतीवरचा बोर्ड का पडतो?



2016 सालच्या मे महिन्यातली गोष्ट. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सरकारी कार्यालयात अव्वल कारकून होतो. दुपारी तीनचा सुमार. ऊन असं, की रस्त्यावर चिटपाखरू नाही. आत कूलरची घरघर चाललेली. एवढ्यात व्हरांड्यात फाडकन आवाज झाला. धावत जाऊन पाहतो, तर भिंतीवरचा चार फूट बाय तीन फुटांचा सनबोर्ड खालच्या बाकड्यावर आडवा पडलेला. त्याच बाकड्यावर पाऊण तासापूर्वी एक लेकुरवाळी बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती. बोर्ड असेल अडीच-तीन किलोंचा. पण आठ फुटांवरून त्याचा कोपरा त्या पोराच्या डोक्यात बसला असता तर?

शिपायानं बोर्ड उचलला, झटकला आणि कपाटामागे उभा करून ठेवला. "नंतर लावू, साहेब," म्हणाला. ते 'नंतर' पावसाळा सरला तरी आलं नाही.

आता हा बोर्ड काही सुविचाराचा नव्हता. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 साली आला. कार्यालयातून कोणत्या सेवा मिळतात, किती दिवसांत मिळतात, फी किती, देणारा अधिकारी कोण, वेळेत काम झालं नाही तर पहिलं अपील कुणाकडे आणि दुसरं कुणाकडे, हे सगळं सूचना फलकावर लावलंच पाहिजे असं तो कायदा सांगतो. त्याआधी 2005 च्या माहिती अधिकार कायद्यानंही कार्यालयांना स्वतःहून माहिती उघड करायला सांगितलंच होतं. थोडक्यात, कपाटामागे गेला तो कायद्याचा कागद होता.

दिवाळीच्या आसपास एक आजी आल्या. नातवाच्या शिक्षणासाठी दाखला हवा होता. मला म्हणाल्या, "भाऊ, म्या भाईर एकाला पाचशे देऊन बसले. खरं किती लागतेत?" मी खरी फी सांगितली. ती ऐकून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हितं कुठं लिव्हलेलं न्हाई, मंग इचारावं कुणाला?"

लिहिलेलं होतं, श्रोतेहो. पण कपाटाच्या पाठीकडं तोंड करून.

त्या दिवशी तो बोर्ड मी स्वतः बाहेर ओढला आणि प्रथमच त्याची मागची बाजू पाहिली. चार कोपऱ्यांत डबल टेपचे चार तुकडे, प्रत्येक दोन इंचांचा. चारही तुकडे बोर्डाला घट्ट चिकटलेले. आणि प्रत्येक तुकड्यावर फिक्या पिवळ्या रंगाचा एक पापुद्रा. तो आमच्या भिंतीचा डिस्टेंपर होता. म्हणजे टेप बोर्डापासून सुटली नव्हती, डिस्टेंपर टेपपासून सुटला नव्हता. सुटला होता तो डिस्टेंपर, भिंतीपासून. मी इतके दिवस टेपवाल्याला शिव्या देत होतो, त्याचा काही दोष नव्हता. निदान अर्धा तरी नव्हता.

दुकानात गेलो की आपण विचारतो, सगळ्यात पक्कं चिकटवायचं काय आहे? हा प्रश्नच चुकीचा आहे. बोर्ड भिंतीला चिकटत नाही, तो भिंतीवरच्या शेवटच्या थराला चिकटतो. तो थर चुन्याच्या सफेदीचा असेल, तर बाजारातली सगळ्यात महाग टेपही पिठाला चिकटवल्यासारखी आहे. तेव्हा आधी भिंतीवरून तळहात घासून पाहावा. हाताला पांढरं लागलं, तर टेपचा विचार तिथंच सोडावा. हात स्वच्छ राहिला, तर साध्या चिकटपट्टीचा वीतभर तुकडा भिंतीवर घट्ट दाबावा आणि झटक्यात ओढावा. पट्टीबरोबर रंगाचे पोपडे आले, तर तीही भिंत बाद. ऑइल पेंट, टाइल, काच, लोखंडी कपाट यांवर टेप उत्तम बसते. मात्र रंग नवा असेल तर दोन-तीन आठवडे थांबावं. आणि लावण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाणी समसमान घेऊन जागा पुसावी, वाळू द्यावी, मग बोटही लावू नये. आमच्याकडे काय होतं, साहेब येणार म्हणून सकाळी धुळीच्या भिंतीवर बोर्ड चढतो, आणि साहेब जाईपर्यंत टिकला की झालं.

आता टेपचा हिशोब. डबल टेप या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक स्टेशनरीच्या दुकानातली पांढरी, मऊ फोम टेप. ती उन्हात ढिली पडते. दुसरी अॅक्रिलिक फोमची, गाड्यांच्या बाजूच्या पट्ट्या बसवायला वापरतात ती. ती महाग असते, पण काम तिचंच. तिच्यासाठी कंपन्यांचा एक ढोबळ नियम आहे: दर किलो वजनाला साधारण 55 चौरस सेंटिमीटर टेप. आमचा बोर्ड तीन किलोंचा धरा. म्हणजे 165 चौरस सेंटिमीटर. एक इंच रुंदीची टेप घेतली तर सव्वादोन फूट लांबी झाली. आम्ही लावली होती आठ इंच, तीही स्वस्तातली! उन्हाळ्याच्या मानानं मी तर सव्वादोन फुटांवर थांबू नका म्हणेन. वरच्या काठाला सलग चार फूट आणि दोन्ही बाजूंना उभ्या तीन-तीन फुटांच्या पट्ट्या लावाव्यात.

वरचा काठ सलग का? टेपला खाली घसरू पाहणारं वजन पेलतं, पण एका टोकाकडून सोलणं पेलत नाही. केळीचं साल आठवा. आडवं ओढून पाहा, निघत नाही, टोक धरून सोललं की सरसर येतं. बोर्ड पंख्याच्या वाऱ्यानं हलतो, बाक येतो, आणि सोलणं सुरू होतं ते वरच्या काठापासून. कोपऱ्यातले चार तुकडे ही सोलण्यासाठी करून दिलेली चार टोकंच असतात.

लावल्यावर जोर देऊन दाबायचं. टेपची पकड दाबानं येते. अॅक्रिलिक टेप पहिल्या वीस मिनिटांत निम्मी पकड घेते, 24 तासांत नव्वद टक्के, पूर्ण 72 तासांत. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी बोर्ड लावावा, सोमवारपर्यंत खाली कुणी बसत नाही. आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी लावू नये. परभणीची थंडी सगळ्यांना ठाऊक आहे, दहा अंशांच्या खाली भिंत गेली की टेप नीट धरत नाही. दुपारी लावावी.

फेविकॉलबद्दल थोडं बोलतो, कारण आपल्याकडे चिकटवणं म्हणजे फेविकॉल. जगात जर्मनी आणि भारतात परभणी, असं आपण अभिमानानं म्हणतो. 1959 साली बाजारात आलेल्या फेविकॉलचं नावही मोविकॉल नावाच्या जर्मन उत्पादनावरून सुचलेलं आहे, तेव्हा नातं जुनं समजा! माल मात्र लाकूड, कागद, कापड, सॉफ्टबोर्ड यांसाठीचा. त्यातलं पाणी शोषलं गेलं तरच तो धरतो. सनबोर्ड म्हणजे प्लॅस्टिक, ते पाणी शोषत नाही, आणि गुळगुळीत प्लॅस्टिकला हा डिंक जीव लावून धरतही नाही. सुताराचा पिवळा रबरी डिंक दोन्ही बाजूंना लावून, दहा-पंधरा मिनिटं वाळवून मग दाबायचा असतो, ओला असताना नाही. पण तो थर्मोकोलला लावू नका. शाळांच्या प्रदर्शनात हे दरवर्षी होतं, डिंक लावला की थर्मोकोल डोळ्यांदेखत विरघळून खड्डा पडतो. शिवाय त्याच्या वाफा पेट घेतात, बंद खोलीत त्याचं काम नको. फेविक्विकसारखे झटपट डिंक बोर्डासाठी नाहीतच. ते कडक होतात आणि धक्क्यानं तुटतात. चार फुटांचा प्लॅस्टिकचा बोर्ड थंडीतल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या तापल्या भिंतीपर्यंत दोनेक मिलिमीटरनं वाढतो. फोम तेवढा ताणला जातो, कडक डिंक ताणला जात नाही. आरसा किंवा अॅक्रिलिकची पाटी असेल तर न्यूट्रल प्रकारचा सिलिकॉन घ्यावा. शिरक्याचा वास येणारा सिलिकॉन आरशाचा पारा खातो.

आपल्या भागातल्या दोन गोष्टी पुण्या-मुंबईच्या दुकानदाराला सुचणार नाहीत. पहिली म्हणजे कूलर. चार महिने ज्या भिंतीवर कूलरची ओल असते, तिथे रंग फुगलेलाच असतो, वरून दिसला नाही तरी. दुसरी, आपली काळी भारी जमीन. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि तिच्यावरच्या भिंतींनाही तडे जातात. तड्याच्या दोन्ही बाजूंना बोर्ड चिकटवला, तर भिंत हलते तेव्हा तो ओढला जातो. बोर्ड तडा झाकायला लावू नये. (आमच्याकडे बहुतेक बोर्ड त्याचसाठी लावलेले आहेत, हे मला मान्य आहे.)

एवढं सगळं सांगून आता सांगतो, की ज्या बोर्डाखाली माणसं बसतात किंवा उभी राहतात, तो नुसत्या टेपवर लावूच नये. ड्रिलनं भोक पाडून, प्लॅस्टिकची गिट्टी ठोकून चार स्क्रू आवळावेत, टेप फक्त बोर्ड भिंतीला सपाट राहावा म्हणून. भोक पाडण्याआधी विजेची वायर कुठून गेली आहे ते विचारावं, बटणाच्या सरळ वर-खाली तर पाडूच नये. जुन्या दगडी इमारतीत चुन्याच्या गिलाव्यात गिट्टी फिरते. तिथे सुताराकडून आडवी लाकडी पट्टी पक्क्या जागी ठोकून घ्यावी आणि बोर्ड त्या पट्टीला स्क्रूनं बसवावा. लोक म्हणतात भिंत खराब होते. चार भोकं पुट्टीनं बुजतात. टेप ओढून काढली तर वीत-वीतभर रंग निघतो, ते कुणी मोजत नाही.

आमचा बोर्ड शेवटी तसाच बसवला. गावातल्या एका पेंटरमामांना बोलावलं होतं. त्यांनी भिंत खरडली, पट्टी मारली, चार स्क्रू आवळले, अर्ध्या तासात काम झालं. पूर्वी तो आठ फुटांवर होता, तिथून बारीक अक्षर कुणाला वाचता येत नव्हतं. आता मध्य पाच फुटांवर आणला. मग मामांनी विचारलं, "साहेब, अपिलाच्या अधिकाऱ्याचं नाव बोर्डावरच रंगवू का?" मी हो म्हणणार होतो. ते म्हणाले, "बदली झाली म्हंजे?" मग पदनाम पक्कं रंगवलं आणि नावाची वेगळी पट्टी केली. ती तेवढी डबल टेपवर, गुळगुळीत बोर्डावर, जिथे टेपचं काम खरोखर आहे.

मी निवृत्त झालो तोवर ती पट्टी तीनदा बदलली होती. मागे कामानिमित्त तिथे गेलो होतो. एक पोरगा बोर्डासमोर उभा राहून मोबाईलवर अपिलाच्या अधिकाऱ्याचं नाव उतरवून घेत होता. पट्टीचा एक कोपरा उचकटला होता. मी अंगठ्यानं दाबून बसवला आणि बाहेर पडलो.