लॉर्नाबाईंचा कंठ



जुबिलीच्या या आनंदप्रसंगीं मी आपणांपुढें एका गायिकेचें चरित्र थोडक्यांत मांडणार आहें.

लॉर्ना कॉर्देरो यांचा जन्म १९४६ सालीं मुंबईंत, गोवेकर ख्रिस्ती कुटुंबांत झाला. गोव्यांत चर्चला जोडलेल्या शाळांतून मेस्त लोक गांवोगांवच्या मुलांस स्वरलिपि व व्हायोलिन शिकवीत. त्या शिक्षणाच्या बळावर तेथील वादकांनीं मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांतून अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचें जॅझ संगीत आपलेंसें केलें. मडगांवचे क्रिस पेरी हे असेच एक कुशल वादक व संगीतकार. त्यांनीं तरुण लॉर्नाबाईंचा आवाज हेरला. त्यांच्या वाद्यवृंदासह गाऊन त्या लवकरच नांवारूपास आल्या. कोंकणी शब्द व जॅझचा ताल यांचा मेळ तबकड्यांवरून घरोघरीं पोहोंचला.

पुढें दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि वीसहून अधिक वर्षें लॉर्नाबाई जनतेसमोर गायल्या नाहींत. १९९५ सालीं त्या पुन्हां गाऊं लागल्या, तेव्हां गोवेकरांस त्यांचा विसर पडलेला नव्हता. २०१४ सालच्या 'नाचूं-या कुंपासार' ह्या कोंकणी चित्रपटास याच दोघांच्या जीवनांतून प्रेरणा मिळाली.

देणगी फुलावयास गुरु हवा. परंतु ती एकाच माणसाच्या आधारावर उभी राहिली, तर तो आधार सुटतांच ती मुकी होण्याचें भय असतें. म्हणून सावद्याच्या आईबापांनो, आपली मुलगी गाऊं लागली, तर तिला अडवूं नका. तिला नीट स्वरज्ञान द्या, म्हणजे ती स्वतःच्या पायांवर उभी राहून गाईल.