घरातील भय आणि धर्मग्रामाचे कर्तव्य

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंब-मेळाव्यात धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत, हा परमेश्वराच्या कृपेचा मोठाच प्रसाद होय. पन्नासाव्या वर्षाची महती लेवीय ग्रंथात सांगितली आहे. ते वर्ष पवित्र मानावे, देशभर शिंग फुंकून बंदिवानांची मुक्तता जाहीर करावी आणि हरएकाने आपापल्या कुळाकडे परत जावे, अशी परमेश्वराची आज्ञा होती. यास्तव महोत्सव म्हणजे केवळ पताका, मिरवणूक व भोजन नव्हे. घर ज्यांना पारखे झाले, त्यांना ते परत मिळावे हा त्यातील मूळ हेतू आहे. आज आपल्यामध्ये अशा काही भगिनी असतील की, ज्यांना सायंकाळी स्वतःच्याच घराचा उंबरठा ओलांडताना धडकी भरते. त्यांच्याविषयी चार शब्द बोलण्याची मी आपली अनुज्ञा घेतो.

पतीकडून होणारी मारहाण हा विषय आपण कुजबुजत बोलतो. जाहीर बोलणे असभ्य समजतो. परंतु सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) असे आढळले की, देशातील विवाहित स्त्रियांपैकी शंभरात सुमारे २९ जणींनी केव्हा ना केव्हा पतीचा जुलूम सोसला आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण शंभरात सुमारे २५ आहे. याहून दुःखाची गोष्ट पुढेच आहे. ज्यांनी शारीरिक वा लैंगिक अत्याचार सोसला, त्यांतील शंभरात सुमारे ७७ जणींनी कोणाकडे मदत मागितली नाही, की कोणाला सांगितलेही नाही. मदत मागणाऱ्या केवळ १४ होत्या. आपल्या घरांच्या दारांवर क्रूस आहे म्हणून ती या गणतीतून वगळली गेली, असे मानण्यास काही आधार नाही.

ही स्त्री गप्प का राहते? कारणे पुष्कळ आहेत: लेकरे, माहेरची गरिबी, लोकलज्जा. परंतु ख्रिस्ती स्त्रीच्या बाबतीत आणखी एक कारण असते, आणि त्याचा विचार धर्मगुरूनेच केला पाहिजे. तिला सांगितले जाते, "बाई, हा तुझा क्रूस आहे. तो मुकाट्याने वाहा. लग्न हा संस्कार आहे. तो मोडू नको." हे शब्द सांगणारे बहुधा सद्‌हेतूनेच बोलतात. तथापि त्यांत सत्य आणि असत्य यांची जी मिसळ झाली आहे, ती निवडून काढणे अगत्याचे आहे.

सत्य हे की, विवाहाचा संस्कार अभंग आहे. असत्य हे की, मार खाणे हा त्या संस्काराचा भाग आहे. संत पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातील पत्नीच्या अधीनतेचे वचन पुष्कळांना मुखोद्गत असते. त्याच अध्यायात पतीने पत्नीवर कशी प्रीती करावी हे सांगितले आहे, ते मात्र ध्यानात राहत नाही. ख्रिस्ताने ख्रिस्तसभेवर केली तशी, स्वतःचा प्राण वेचून, ती करावी. स्वतःच्या देहाची निगा राखावी तशी पत्नीची राखावी. कलस्सैकरांस लिहिताना पतींनी पत्नीशी कठोर वागू नये अशी स्पष्ट ताकीद त्याने दिली आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ साली स्त्रीच्या प्रतिष्ठेविषयी लिहिलेल्या पत्रात ही अधीनता परस्परांची आहे, एकट्या पत्नीची नव्हे, असा खुलासा केला. आणि दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या कुटुंबविषयक पत्रात, स्त्रीवर हात उगारणे हे पौरुष नसून भ्याडपणा आहे, असे निःसंदिग्धपणे म्हटले आहे.

आता क्रूसाविषयी. प्रभूने क्रूस स्वेच्छेने उचलला. तो दुसऱ्याच्या खांद्यावर लादण्याचा अधिकार त्याने कोणास दिला नाही. शिवाय प्रत्येक दगड त्याने अंगावर घेतला असेही नाही. मंदिरात लोकांनी दगड उचलले तेव्हा तो तेथून निघून गेला, असे संत योहान सांगतो. हेरोद बाळाच्या जिवावर उठला तेव्हा संत योसेफाने सकाळची वाट पाहिली नाही. रात्रीच बालक व माता यांना घेऊन तो मिसर देशी गेला. ज्या पवित्र कुटुंबाचे चित्र आपण भिंतीवर लावतो, ते कुटुंब जीव वाचविण्यासाठी रात्री घर सोडून निघाले होते, हे विसरू नये.

ख्रिस्तसभेचा कायदाही हेच सांगतो. १९८३ सालच्या धर्मविधिसंहितेतील ११५३ वा नियम असा की, पती वा पत्नी जर दुसऱ्याच्या किंवा लेकरांच्या आत्म्यास वा शरीरास गंभीर धोका उत्पन्न करील, किंवा अन्य रीतीने सहजीवन अत्यंत कठीण करील, तर दुसऱ्यास विभक्त राहण्यास न्याय्य कारण मिळते. त्यासाठी बिशपांचा निर्णय घ्यावा. परंतु विलंबात धोका असल्यास स्वतःच्या अधिकारानेही निघून जाता येते. विवाहबंधन तसेच राहते. म्हणजे मार चुकविण्यासाठी घराबाहेर पडलेल्या भगिनीने संस्कार मोडला नाही. तिने कोणतेही पाप केले नाही. तिला पवित्र कम्युनियनला जाण्यास कसलाही प्रतिबंध नाही.

देशाच्या कायद्याचीही माहिती असावी. १८६९ सालच्या कायद्यानुसार ख्रिस्ती पत्नीला केवळ क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मिळत नसे. क्रूरतेच्या जोडीला पतीचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. २००१ सालच्या दुरुस्तीने हा अन्याय दूर झाला. परंतु संरक्षण मिळविण्यासाठी घटस्फोटाची मुळीच आवश्यकता नाही, ही गोष्ट आपल्या भगिनींस ठाऊक नसते. २००५ साली झालेला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेला कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांस लागू आहे. तो मारहाणीबरोबरच लैंगिक छळ, शिवीगाळ, अपमान व पैशाची कोंडी यांनाही हिंसा मानतो. घर पतीच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले, तरी स्त्रीला मनमानीने बाहेर काढता येत नाही. दंडाधिकारी तिला संरक्षणाचा, निवासाचा, खर्चाचा व मुलांच्या ताब्याचा आदेश देऊ शकतात. मुलाकडून छळ सोसणारी वृद्ध माताही याच कायद्याखाली दाद मागू शकते. संरक्षण अधिकारी सरकारने नेमलेले असतात; स्त्रियांसाठी १८१ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे दूरध्वनी क्रमांक आहेत; आणि १९८७ च्या कायद्यान्वये स्त्रीला, तिची मिळकत कितीही असो, वकिलाची मदत विनामूल्य मिळते.

बंधुभगिनींनो, कायदा पुस्तकात असतो. पीडित भगिनी शेजारच्या घरात असते. या दोहोंमधील अंतर कोणी तोडावयाचे? ते धर्मग्रामाचे काम होय. त्यासाठी चार गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

पहिली, ऐकून घेणे. ती बोलावयास आली तर तिला एकटीला बसवून ऐकावे. "तू काय केलेस म्हणून त्याने मारले?" हा प्रश्न तोंडातून काढू नये. पती-पत्नीस समोरासमोर बसवून समेट करण्याची घाई करू नये. कारण ज्याचे भय वाटते त्याच्यासमोर कोणीही खरे बोलत नाही, आणि बोलल्यास त्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागते. तिची गोष्ट गावभर करू नये.

दुसरी, आसरा. प्रत्येक वाडीत दोन-तीन घरे अशी असावीत की, जेथे मध्यरात्रीही दार वाजविले तर ते उघडेल. तिचे आधार कार्ड, शिधापत्रिका, विवाहाचा दाखला, मुलांचे शाळेचे दाखले यांच्या प्रती विश्वासू ठिकाणी ठेवण्यास साह्य करावे. जखम झाल्यास तिला सरकारी रुग्णालयात न्यावे व खरे कारण नोंदवावयास सांगावे. संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या बंधूंनी तिच्या चुलीची व मुलांच्या शुल्काची काळजी वाहावी.

तिसरी, पुरुषांना शिकविणे. दारूवर सर्व खापर फोडण्याची आपल्यात रीत आहे. दारूचे पाप मोठे आहेच. परंतु तोच मनुष्य दारूच्या नशेत आपल्या मालकावर किंवा फौजदारावर हात टाकीत नाही. म्हणजे हात कोठे उचलावा याची शुद्ध त्यास असते. विवाहपूर्व शिबिरात हा विषय स्पष्टपणे शिकविला जावा. लग्नात साक्षीदार म्हणून ज्यांनी सही केली, त्यांनी पुढेही त्या घराची वास्तपुस्त करावी. जेवणावळीबरोबर त्यांचे कर्तव्य संपत नाही.

चौथी, क्षमेचा खरा अर्थ सांगणे. क्षमा करणे हा ख्रिस्ती धर्म आहे; पण क्षमा म्हणजे त्याच धोक्यात परत जाणे नव्हे. मारणाऱ्या बंधूसही मी प्रेमाने सांगतो की, प्रायश्चित्त संस्कारात पश्चात्तापाबरोबर पुन्हा पाप न करण्याचा दृढ निश्चय लागतो आणि केलेल्या हानीची भरपाईही लागते. शनिवारी मारावे आणि रविवारी रांगेत उभे राहावे, यास पश्चात्ताप म्हणत नाहीत. जो खरोखर बदलू इच्छितो, त्याला धर्मग्रामाचे दार मोकळे आहे. व्यसनमुक्तीसाठी व समुपदेशनासाठी आम्ही त्याच्याबरोबर चालू.

पन्नास वर्षांपूर्वी आपल्या वाडवडिलांनी दगड वाहून ही इगर्जी उभारली. ऊन-पावसात आसरा हवा म्हणून त्यांनी तिला छप्पर घातले, आणि संकटात हाक ऐकू यावी म्हणून घंटा बांधली. पुढील पन्नास वर्षांत या धर्मग्रामातील एकही भगिनी, आपण हाक मारली तर कोणी येणार नाही, असे समजून गप्प राहिली नाही, तर हा सुवर्णमहोत्सव सार्थकी लागला असे मी म्हणेन. ज्या भगिनीला हे शब्द लागू पडत असतील, तिने आजच जाणावे की तिची लाज तिची नाही, आणि ती एकटी नाही.

नाझरेथच्या पवित्र कुटुंबाच्या मध्यस्थीने परमेश्वर आपल्या घरांतील भय दूर करो आणि तेथे आपली शांती नांदवो. आमेन.