ऑपेरा हाउसची वरची रांग



खानदेशांतून मुंबईस जाणारा मनुष्य बहुधा कचेरीच्या, दवाखान्याच्या नाहींतर लग्नाच्या कामानें जातो. केवळ एक नाट्यगृह पाहावयास मी जळगांवाहून निघालों, तेव्हां शेजाऱ्यांस नवल वाटलें. दादरास गाडी बदलून चर्नी रोडवर उतरलें, कीं रॉयल ऑपेरा हाउस पायीं जाण्याच्या अंतरावर आहे.

कलकत्त्याचे नाटकवाले मॉरिस बॅन्डमन व कोळशाच्या दलालीची पेढी चालविणारे जहांगीर फ्रामजी कराका यांनीं १९०९ सालीं त्याचें काम काढलें. १९११ सालीं बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्तें उद्घाटन झालें. इमारत मात्र पुरी झाली १९१२ सालीं. अपुऱ्या कामाचें उद्घाटन ही रीत आजची नव्हे!

तेथील संगमरवर, सोनेरी नक्षी व झुंबरें यांच्या वर्णनांत मी आपला वेळ घेत नाहीं. मला ओढ होती छताची. सर्वांत वर बसलेल्या प्रेक्षकासही प्रत्येक शब्द व सूर ऐकूं यावा, अशा बेतानें तें बांधलें आहे. ध्वनिक्षेपक नव्हता त्या काळीं हा नटाच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. जळगांवांत मेहबूबखानांजवळ गाण्याचे पहिले धडे घेतलेला नारायण राजहंस पुढें बालगंधर्व होऊन याच रंगमंचावर गायिला; मास्टर दीनानाथही येथें गाऊन गेले.

१९३५ नंतर तेथें बोलपट आले. १९५२ सालीं गोंडलच्या राजघराण्यानें ही वास्तु विकत घेतली. पण प्रेक्षक आटले आणि १९९३ सालीं दारास कुलूप लागलें. त्याच घराण्यानें वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांजकडून जीर्णोद्धार करविला व २०१६ सालीं पडदा पुन्हां वर गेला.

मीं तिकीट मुद्दाम वरच्या सज्ज्यांतलें घेतलें. वर्गांत शेवटच्या बाकावर ऐकूं जातें कीं नाहीं, हें पाहण्याची जुनी खोड! खेळापूर्वीं रंगमंचावरील एक कामकरी सोबत्यास दोर सैल सोडावयास सांगत होता. तें मला वर स्वच्छ ऐकूं आलें. पुढें खेळ सुरू झाला तो ध्वनिक्षेपकावर, आणि छताचें काम तेथेंच संपलें. हें मला रुचलें नाहीं.

आमच्या जळगांव-धुळ्याकडे सभागृह बांधावयाचें निघालें, कीं पहिली चौकशी खुर्च्यांची व वातानुकूलनाची होते. मागच्या भिंतीजवळ बसणाऱ्यास ऐकूं येईल काय, हें विचारणारा विरळा. बांधकामसमितीवर असलेल्या श्रोत्यांनीं मुंबईस गेल्यावर तेथें अवश्य जावें, आणि तिकीट वरचेंच मागावें.