गणिताचा पेपर आणि आपण



साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ साली निघाली. २०२१ पासून देशभरच्या सैनिक शाळांत मुलींनाही प्रवेश मिळू लागला, म्हणून आमच्या लालबागच्या चाळीतून माझी मुलगीही सहावीच्या प्रवेशपरीक्षेस बसली. एकाच उदाहरणापाशी ती अडून राहिली आणि शेवटची दहा कोरी राहिली. घरी येऊन रडली, “आई, ती मला येत होती गं!”

या परीक्षेत ३०० पैकी १५० गुण एकट्या गणिताचे. प्रश्न १२५, मिनिटे १५०. तेव्हा सोपी उदाहरणे आधी सोडवावीत. अडलेले मागे ठेवावे, पण त्याचा गोल सोडूनच पुढचा रंगवावा. उत्तराचे पर्याय आधी पाहावेत. ४९ गुणिले २१ किती? ५० गुणिले २१ म्हणजे १०५०. उत्तर त्याहून थोडे कमी, आणि शेवटचा अंक ९. मग ११२९, १०२६, ९२९ आपोआप गळतात; उरते १०२९. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटी एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

घड्याळ समोर ठेवून हा सराव पोळ्या लाटता लाटताही घेता येतो. आणि मूल परीक्षेहून आले, की “किती सुटली?” हे विचारण्याआधी त्याला जेवायला वाढा.