मोहाखालची पहाट

मी मोहाचं कौतुक करू लागलो की मित्र गालात हसतात. मी दारूला कधी शिवलो नाही. पण मोह म्हटलं की लोकांना तीच आठवते. खरं तर हा चिकूच्या कुळातला वृक्ष. फाल्गुन-चैत्रात पानं झडतात आणि तो फुलतो. फुलं रात्री उमलतात, वटवाघळं येतात, पहाटे रसाळ पाकळ्या टपटप गळतात. वाळल्या की जणू मनुकाच! गडचिरोलीत एका गोंड घरी रमजानात खजूर नव्हता. मी याच फुलांवर रोजा सोडला. पुढे फळं धरतात. त्यांच्या बियांचं तेल खायला, दिव्याला, अंगाला. असं झाड कोण तोडेल?

पण वेचायचं ते भल्या पहाटे, वाकून. वाकलेला माणूस वाघाला जनावरच वाटतो. चंद्रपूर जिल्ह्यात मोहाच्या दिवसांत अशी माणसं गेली आहेत. शिवाय फुलं दिसावीत म्हणून पाचोळा जाळतात, ती आग रानात शिरते.

त्या घरची आजी अजून वेचायला जाते. आता एकटी नाही. चौघी मिळून, मोठ्यानं बोलत, उजाडल्यावर. “तोवर अर्धी फुलं गुरंच खाऊन जातात, भाऊ,” ती कुरकुरते.