योना कुठे बसला होता



द्वेषावर बोला, असे पाळकसाहेबांनी सांगितले. उदाहरण शोधावे लागले नाही, माझेच आहे.

सातपुड्यातल्या आमच्या पाड्यांवरून दिवाळीच्या सुमारास भिल्ल कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम कोयत्याला आधी उचल देतो, ती तोडीतून फेडायची. हिशेब मुकादमाच्या वहीत. यंदा हंगाम संपला तरी एका मुकादमाने उचल फिटली नाही म्हणून एका कुटुंबाला अडकवून ठेवले. बाईला आठवा महिना होता. मला राग आला. १९७६ च्या वेठबिगारी कायद्याखाली अर्ज केला, खेटे घातले, कुटुंब घरी आले. त्या रागाने काम केले, आणि त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही.

कुटुंब घरी आले, तरी माझ्या मनात काहीतरी उरले. जुलैत कळले, त्याच मुकादमाचा मुलगा मोटारसायकलवरून पडला, पाय मोडला. मी भाकरी थापत होते. मनात आले, बरे झाले! मुलगा नऊ वर्षांचा. उन्हाळ्यात आमच्या शास्त्रशाळेत पहिल्या रांगेत बसून गाणी म्हणायचा.

रागाला काहीतरी थांबवायचे असते. माझ्या त्या ‘बरे झाले’ला काहीच थांबवायचे नव्हते. त्या पोराच्या पायाने कोणाची उचल फिटणार होती?

योनाचा मासा सर्वांना आठवतो. चौथा अध्याय आपण रविवारच्या शाळेत सहसा शिकवत नाही. अश्शूरी लोक क्रूर होते, योनाची तक्रार खोटी नव्हती. पण निनवेने पश्चात्ताप केला, देवाने शहर राखले, आणि हा संतापला. शहराच्या पूर्वेला मांडव घालून पाहत बसला, आता काय होते ते. शहरात उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे होती. देव त्यांच्याविषयी विचारतो आणि पुस्तक तिथेच संपते. योनाचे उत्तर लिहिलेले नाही. डिप्लोमाला असताना यावर मी चांगले चार पानी उत्तर लिहिले होते. मांडवात मीही बसेन, असे तेव्हा वाटले नव्हते.

दोन आठवड्यांनी मुलाला बघायला गेले. मुकादम दारातच होता. “या ताई,” म्हणाला, पाणी दिले. मी प्यायले, पण त्याच्याकडे पाहणे जमले नाही. मुलाशीच बोलले. प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघणार आहे, तेव्हा पुन्हा जाणार आहे.